पाठ्यपुस्तक नक्की कुणासाठी लिहिलेलं असतं?

जून उजाडला की घरात पुस्तकांचा गठ्ठा येतो. खाकी कागद, कात्री, नावाची लेबलं, आणि कोरी पानं नाकाशी धरून बसलेलं एखादं पोर. अलीकडे या गठ्ठ्याबरोबर एक वाक्यही हमखास येतं : "यंदा पुस्तक बदललंय म्हणे." नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये पहिलीची पुस्तकं बदलली, वरच्या इयत्तांची टप्प्याटप्प्यानं बदलायची आहेत. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पानाचा फोटो फिरतो. ही कविता का घातली, तो धडा का काढला, यावर चार दिवस कडाक्याचं भांडण होतं. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे राहतो. हे पान ज्या मुलापुढे उघडलं जाणार आहे, त्याला ते वाचता येतं का?

संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला मी बसते. तिथं हा प्रश्न मला रोज भेटतो, म्हणून आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

तीन शब्दांचा घोळ

अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात.

वारीचं उदाहरण घेऊ. पोचायचं पंढरपूरला, हे ठरलेलं. तो झाला अभ्यासक्रम : चौथी संपताना, सातवी संपताना मुलाला काय काय यायला हवं याचा निर्णय. वाटेत मुक्काम कुठं, कुठल्या दिवशी लोणंद, कधी फलटण, ही आखणी म्हणजे पाठ्यक्रम. आणि चालताना जवळ असलेली शिदोरी म्हणजे पाठ्यपुस्तक. शिदोरीवाचून चालणं कठीण, पण शिदोरी म्हणजे पंढरपूर नव्हे. पुस्तकातले सगळे धडे 'झाले' तरी मूल पंढरपूरला पोचलं असेलच असं नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर 'अध्ययन निष्पत्ती' अशी एक यादी असते. बहुतेक पालक ती न वाचता पान उलटतात, आणि शब्द इतका जड आहे की त्यांना दोष देववत नाही. अर्थ सोपा आहे : शिकून झाल्यावर मुलाला प्रत्यक्षात काय करता आलं पाहिजे. माझ्या मते पुस्तकातलं पालकांसाठी सगळ्यांत उपयोगी पान तेच.

एकच पुस्तक सगळ्यांना, हे कधीपासून?

आपण ज्याला सरसकट 'बालभारती' म्हणतो, त्या संस्थेचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं देशभरच्या शिक्षणाचा अभ्यास केला. चांगली, स्वस्त पाठ्यपुस्तकं तयार करण्याची जबाबदारी सरकारनं उचलावी, हा त्यातला एक आग्रह होता. त्यातून २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात हे मंडळ सुरू झालं. आज मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा भाषांतून त्याची पुस्तकं निघतात.

या निर्णयाचं मोल आपल्याला फारसं जाणवत नाही, कारण आपण त्यातच वाढलो. गिरगावातल्या आणि गडचिरोलीतल्या मुलाच्या हातात एकच धडा, तेच चित्र, तीच किंमत. कितीतरी घरांत छापलेलं पुस्तक म्हणून असतं ते एवढंच. दिनदर्शिका आणि एखादी पोथी सोडली तर तिसरं छापील काही सापडत नाही. "पाठ्यपुस्तकं बंदच करून टाका, मुलांना मोकळं शिकू द्या" असं कुणी म्हणालं की मला ती घरं आठवतात, आणि माझं उत्तर ठाम 'नको' असतं.

पुस्तक तयार कसं होतं हे पाहायचं असेल तर आतलं श्रेयनामावलीचं पान वाचा. विषय समिती, अभ्यासगट, चित्रकार, अक्षरजुळणी, अगदी कागदही : ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह. खूप माणसं खूप काळजीनं हे काम करतात. एक माणूस मात्र त्या पानावर नसतो, तो म्हणजे वाचणारा. लेखकांना तो कल्पनेनंच उभा करावा लागतो. पाचवीचं पुस्तक लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे असतं ते चौथीचं सगळं येत असलेलं मूल. दुसरा मार्गही नाही त्यांना, कुठूनतरी सुरुवात धरायला हवीच. पण वर्गातली किती मुलं त्या कल्पनेतल्या मुलासारखी असतात?

केनियात काय घडलं

पश्चिम केनियातल्या ग्रामीण शाळांत १९९०च्या दशकात एक प्रयोग झाला. वर्गात पुस्तकं फार कमी, एकेका पुस्तकाभोवती मुलांचा घोळका. सगळ्यांचा समज साहजिकच असा होता की पुस्तकं पुरेशी दिली की मुलं जास्त शिकतील. मग १०० शाळा निवडल्या आणि त्यांतल्या चिठ्ठीनं ठरलेल्या २५ शाळांना आधी सरकारमान्य पुस्तकं दिली. चिठ्ठी अशासाठी की दोन्हीकडच्या शाळा सारख्याच असाव्यात. म्हणजे पुढे फरक दिसला तर तो पुस्तकांमुळेच, असं म्हणता येतं.

सरासरी गुणांत फरक पडलाच नाही.

संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा गोष्ट उलगडली. जी मुलं आधीच्या परीक्षेत वरच्या क्रमांकांवर होती, त्यांचे गुण पुस्तकांनी वाढले होते. बाकीची होती तिथंच राहिली. पुस्तकं इंग्रजीत होती आणि त्यातल्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती : घरी एक बोली, बाहेर स्वाहिली, शाळेत इंग्रजी. पुस्तक हातात होतं, पण ते त्यांच्याशी बोलत नव्हतं. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत.

यावरून पुस्तकं निरुपयोगी असतात असा निष्कर्ष काढला तर ती मोठी चूक होईल. निकारागुआत पहिलीच्या वर्गांना गणिताची सरावपुस्तकं दिली, तेव्हा मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. तो अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पुस्तकं होती स्पॅनिशमध्ये, म्हणजे तिथल्या बहुतेकांच्या घरच्या भाषेत, आणि पहिलीपासूनची. अजून कुणी मागे पडलेलंच नव्हतं.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मला एवढं दिसतं : पुस्तक ही शिडी आहे, पण तिची पहिली पायरी मुलाच्या पायाला लागली पाहिजे. पायरी डोक्याच्या उंचीवर असेल तर शिडी कितीही मजबूत असो, उंच मुलंच चढतात.

आपल्या वर्गात पायरी कुठं आहे?

'असर' हा देशभरच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केला जाणारा पाहणी अहवाल. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं होती २३.४ टक्के. दोन वर्षांपूर्वी हाच आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा आहे, आणि ती चांगली आहे. तरीही तिसरीचं पुस्तक उघडणाऱ्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला मागच्या वर्षीचं पान वाचता येतं. उरलेल्या तिघांपुढे नवं पुस्तक उघडतं तेव्हा काय होत असेल?

मी पाहिलं आहे काय होतं ते. मूल चित्र बघतं, बाई काय वाचताहेत ते ऐकतं, फळ्यावरची उत्तरं वहीत सुबक उतरवतं. अक्षर छान, वही पूर्ण, तपासणीची लाल टिकमार्क जागच्या जागी. त्याला विचारा, "यातलं काय कळलं?" ते वहीकडे बघतं.

सहावीतली एक मुलगी माझ्याकडे येते, सेमी-इंग्रजीतली. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. फोटोसिंथेसिसची व्याख्या ती एका दमात म्हणते, एक शब्द चुकत नाही. मी म्हटलं, "बरं, आता मला तुझ्या शब्दांत सांग, झाड जेवतं कसं?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ताई, झाड जेवतं?" केनियातली ती मुलं मला त्या क्षणी फार जवळची वाटली. सेमी-इंग्रजीला माझा सरसकट विरोध नाही. पण मुलीला ते पान वाचून कळतं का, एवढं तरी आधी तपासायला नको का? मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलासाठी तर पुस्तकातली प्रमाण मराठीसुद्धा नवीच भाषा असते.

न समजण्याचं ओझं

दप्तराच्या वजनावर आपण खूप बोलतो. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल कळकळीनं भाषण केलं, आणि पुढे शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा दप्तराच्या किलोंचा नव्हताच. पाठीवरच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक, असं समितीनं म्हटलं.

तीस वर्षांनंतरही आपण वजनकाटाच घेऊन बसलो आहोत. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको, हा नियम योग्यच आहे. त्याच हेतूनं महाराष्ट्रात २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत विभागली आणि धड्यांनंतर कोरी पानं जोडली. वही वेगळी न्यायला नको, नोंदी पुस्तकातच कराव्यात, अशी कल्पना. प्रत्यक्षात मुलं वह्याही नेतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कल्पना वाईट नव्हती. पण वर्गपाठाची वही, गृहपाठाची वही, प्रश्नोत्तरांची वही ही वर्गाची सवय तशीच राहिली. छापखान्यातून पान बदलता येतं, सवय नाही.

'वीस एक' आठवतंय?

२०१९ च्या जूनमधलं ते वादळ आठवत असेल. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', त्र्याण्णवला 'नव्वद तीन' अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर थट्टेचा पाऊस पडला. विधानसभेतही चर्चा झाली.

त्यामागचं कारण मात्र मुलाच्या पायरीचंच होतं. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग पाच. कानावर एक क्रम आणि डोळ्यांपुढे दुसरा, म्हणून किती मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात हे कुठल्याही पहिली-दुसरीच्या बाईंना विचारा. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' म्हणताना आधी वीस येतात, मग पाच. इंग्रजीतही तसंच. शिवाय आपल्याकडे एकोणतीस, एकोणऐंशी यांचं वेगळंच गणित, आणि त्र्याण्णवसारखी जोडाक्षरं. गणितज्ञ मंगला नारळीकर या विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, नवी पद्धत ही संख्या समजायला मदत म्हणून आहे, हे त्या पुन्हा पुन्हा समजावून सांगत राहिल्या.

मला ती पद्धत आजही बरोबर वाटते. पण त्या घटनेनं दुसरंही एक दाखवलं. आपल्याकडे पाठ्यपुस्तक फक्त वर्गात उघडत नाही, ते स्वयंपाकघरातही उघडतं. कणीक मळता मळता आई पाढे म्हणवून घेते, आजोबा उजळणी घेतात. पुस्तक बदललं आणि का बदललं हे त्या दोघांना कुणी सांगितलंच नाही, तर मुलाच्या कानावर दोन गणितं पडतात आणि त्याचा गोंधळ दुप्पट होतो.

"आमच्या वेळी तर फक्त पुस्तकच होतं, आम्ही शिकलोच ना?"

हो, शिकलो. पण 'आम्ही' म्हणजे कोण, हे विचारून पाहा. आपल्या पहिलीच्या वर्गातली किती मुलं दहावीपर्यंत आपल्यासोबत होती? जी गळाली त्यांना हा प्रश्न विचारायला आज आपल्यातलं कुणी जात नाही. तेव्हा शिडीची पायरी ज्यांना लागली नाही ती शाळेबाहेर जायची. आज ती वर्गातच बसलेली असतात, आणि माझ्या मते ही प्रगतीच आहे.

"मोबाइल असताना छापील पुस्तक कशाला?"

व्हिडिओ उपयोगी पडतात. हृदय कसं चालतं हे चित्रापेक्षा हलत्या चित्रात लवकर कळतं. पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरचं असं साहित्य मिळतं, आणि ते वापरावंच. पण माहितीपर मजकूर वाचून समजून घ्यायचा असेल तर कागद अजून पुढे आहे. २०१८ मध्ये संशोधकांनी असे ५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत मिळून १ लाख ७० हजारांवर वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर जास्त समजला, आणि वेळ मोजून दिलेला असेल तेव्हा ही तफावत अधिक होती. स्वीडननं वर्गांत पडदे भरपूर आणल्यानंतर २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर वेगळे काढले.

"मग पुस्तकच सोपं करून टाका"

हा उपाय ऐकायला सोपा, पण मला त्याची भीती वाटते. पाचवीचं पुस्तक तिसरीच्या पातळीवर आणलं तर जी मुलं पुढे जायला तयार आहेत त्यांची वाट अडते, आणि दहावीला पोचल्यावर सगळ्यांचीच फसगत होते. पंढरपूर अलीकडे सरकवायचं नाही. मागे राहिलेल्याला हात द्यायचा.

हात कसा द्यायचा याचं उत्तर मुंबईनंच दिलं आहे. 'प्रथम' या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. त्या वस्तीतल्याच तरुण मुली. वाचता न येणारी पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर काढायची आणि त्यांना इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढे शिकवायचं. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपक्रम मोजून पाहिला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला. पुस्तक तेच राहिलं, मुलं त्याच्यापर्यंत पोचू लागली.

"शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो, त्यांनी काय करावं?"

ही तक्रार खरी आहे. परीक्षा पुस्तकावर, पालकांची चौकशी पुस्तकावर, वरिष्ठांची तपासणी पुस्तकावर. जुलैत एखाद्या बाई पुस्तक मिटून महिनाभर नुसतं वाचन घ्यायला बसल्या तर "अजून पहिलाच धडा?" हा प्रश्न सगळ्यांत आधी आपणच विचारतो.

पण कायदा काय म्हणतो ते पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २४. शिक्षकांची कर्तव्यं तिथं दिली आहेत. ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करावा, असं एक. आणि त्याला लागूनच दुसरं : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि गरज असेल तिथं जादा शिकवावं. दोन्ही कर्तव्यं सारख्याच वजनाची आहेत. आपण पहिल्याचा हिशेब मागतो, दुसऱ्याचा कधी मागितलाय? पालकसभेत "किती धडे झाले?" याऐवजी "माझ्या मुलाला हे पान वाचता येतं का, नसेल तर तुम्ही आणि मी काय करू या?" असं विचारलं तर दुसरं कर्तव्य पार पाडायला त्या बाईंना बळ मिळेल. अनेक शिक्षक ते आजही करतात, कुणी विचारत नसताना.

गाईडबद्दलही दोन शब्द. गाईड घेणाऱ्या पालकांना मी कधी रागावत नाही. ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्याला उत्तर तयार मिळालं तर ते तो पाठ करणारच. गाईड बंद करायचं असेल तर त्याला प्रश्न वाचता आला पाहिजे.

घरी काय करता येईल

नवी पुस्तकं आली की कव्हर घालण्याआधी मधलंच एखादं पान उघडा आणि मुलाला मोठ्यानं वाचू द्या. अडखळलं तर ओरडू नका, चुकाही मोजू नका. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि म्हणा, "आता मला सांग, काय वाचलंस?" दोन-तीन वाक्यं त्याच्या शब्दांत आली, मग ती कुठल्याही बोलीत असोत, तर पायरी त्याच्या पायाला लागते आहे. नाही आली तर मागच्या इयत्तेचं पुस्तक काढा, तिथंही अडलं तर त्याच्या मागचं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण घरातलं जुनं पुस्तक त्याहून बरं, कारण त्यातली चित्रं मुलाच्या ओळखीची असतात.

झाडाच्या जेवणाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीनं गेल्या महिन्यात माळ्यावरून आपल्या भावाचं चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक काढून आणलं. मराठीतलं, कोपरे दुमडलेलं, वनस्पतींच्या पानावर पेनानं मिशा काढलेलं. आम्ही आता त्यातून सुरुवात केली आहे. सहावीचं पुस्तक शेजारीच ठेवलेलं असतं, आणि अधूनमधून ती स्वतःच ते ओढून घेते, बोट ठेवून ओळ शोधते.